केकवरचे गोठवलेले चित्र

गेल्या वर्षी जून महिन्यात आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना ७५ वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त जुन्या विद्यार्थ्यांनी मुंबईत एक छोटा घरगुती समारंभ ठरवला आणि पुण्यात राहणाऱ्या आम्हा तिघांकडे केकचे काम आले. आम्ही तिघेही संशोधनाच्या क्षेत्रातले. दोघे रसायनशास्त्रात, एक भौतिकशास्त्रात. केक विकत न आणता घरीच करायचा आणि त्यावर सर फळ्यावर नेहमी काढत ती बहिर्गोल भिंगाची किरणाकृती काढायची, असे आम्ही ठरवले. केकवर थेट रेघा ओढण्याइतका हात कोणाचाच स्थिर नव्हता. म्हणून बटरक्रीमचे चित्र कागदावर काढून, गोठवून, मग केकवर उतरवण्याची रीत आम्ही शिकून घेतली. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात तिचा सराव केला. पहिले दोन प्रयत्न फसले, तिसरा उत्तम जमला.

समारंभाच्या दिवशी केक बंद डब्यात, भोवती बर्फाच्या पिशव्या ठेवून नेला. सभागृहात पोचताच सर्वांना दाखवण्यासाठी झाकण उघडले. चित्र रेखीव होते आणि कौतुकही झाले. पण भाषणे संपेपर्यंत चित्राला जणू घाम फुटला. काळ्या किरणांवर बारीक थेंब जमले, लाल बाणाचा रंग पांढऱ्या भागावर ओघळला, आणि भिंगाखाली निळसर डबके साचले. सर केकजवळ आले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी निरखून पाहिले आणि आम्हाला विचारले, "पाणी कुठून आले रे?"

"गोठवलेले होते सर. आतला बर्फ वितळला असेल," आम्ही म्हणालो.

"कोणता बर्फ?" सर म्हणाले.

या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणी आमच्यापाशी नव्हते. ते शोधताना आठवी-नववीपासून बारावीपर्यंतच्या पुस्तकांतली निदान चार प्रकरणे उघडावी लागली. शिक्षकांना वर्गात उपयोगी पडेल म्हणून तो सारा विचार येथे मांडत आहोत.

रीत काय आहे?

अमेरिकेत घरगुती केक करणाऱ्यांमध्ये ही रीत चांगली रुळलेली आहे. आपल्याकडेही घरून केकच्या ऑर्डरी घेणारे अनेकजण ती वापरतात. तिची तत्त्वे समजण्यासाठी आधी कृती थोडक्यात पाहू.

१०० ग्रॅम बिनमिठाचे बटर, २०० ग्रॅम आयसिंग शुगर आणि एक टेबलचमचा दूध एकत्र करून हलके होईपर्यंत फेटायचे. हे झाले बटरक्रीम. त्याचे भाग करून त्यांत खाण्याचे रंग मिसळायचे. हवे ते चित्र एका सपाट पाटीवर चिकटवून त्यावर पारदर्शक बटर पेपर किंवा प्लॅस्टिकचा स्वच्छ कागद ताणून बसवायचा. खालचे चित्र दिसत असते. बारीक नोझलने आधी गडद रंगाची बाह्यरेषा काढायची, थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून ती घट्ट करायची, मग रेषांमधल्या जागा रंगीत क्रीमने भरायच्या आणि शेवटी संपूर्ण चित्रावर केकच्या रंगाचा एक सलग थर द्यायचा. एकूण जाडी साधारण अर्धा सेंटिमीटर. हे सारे फ्रीजरमध्ये कडक होऊ द्यायचे. मग झटपट बाहेर काढून, थंड केकवर उलटे ठेवून, हलके दाबून, कागद सोलून घ्यायचा. कागदाला चिकटलेली बाजू आता वर येते, आणि कागदासारखीच गुळगुळीत असते.

मराठी घराला ही युक्ती अपरिचित नाही. थालीपीठ आपण ओल्या फडक्यावर थापतो, तव्यावर उलटे टाकतो आणि फडके अलगद सोलून घेतो. मऊ पदार्थाला सपाट आधारावर आकार द्यायचा, तो जागेवर उलटवायचा आणि आधार काढून घ्यायचा, हे तत्त्व दोन्हींत एकच. फरक इतकाच, की थालीपिठात फडक्यातले पाणी सुटायला मदत करते. येथे ते काम थंडी करते.

आधी डावे-उजवे, मग आधी-नंतर

आमचा पहिला प्रयत्न फसला तो अगदी प्राथमिक चुकीने. आकृती कागदाखाली सरळ ठेवून आम्ही गिरवली. उलटवल्यावर वस्तूचा बाण भिंगाच्या डावीकडून उजवीकडे गेला आणि खाली लिहिलेला 'सर' हा शब्द आरशात दिसावा तसा उलटा आला.

गंमत अशी, की आकृती तरीही बरोबरच होती! भिंगाचे नियम डावे-उजवे ओळखत नाहीत. प्रकाश उजवीकडून डावीकडे गेला तरी नाभीय अंतराचे सूत्र तेच राहते. चुकली ती फक्त अक्षरे, कारण लिपी हा निसर्गाचा नियम नसून माणसांचा संकेत आहे. देवनागरीत तर बहुतेक अक्षरांचा दंड उजवीकडे असतो, त्यामुळे उलटलेले अक्षर लगेच डोळ्यांना खुपते. 'ठ' सारखे एखादेच अक्षर आरशातही जवळजवळ तसेच राहते. काय बदलते आणि काय बदलत नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारण्याजोगा आहे.

उपाय सोपा आहे. मूळ चित्र खिडकीच्या काचेवर पालथे धरून मागून गिरवावे आणि ते उलटे चित्र कागदाखाली ठेवावे. छापखान्याचे खिळे आणि रबरी शिक्के उलटे कोरलेले असतात ते याच कारणाने. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापले ते शिळाछापावर. शिळाछापाच्या तंत्रात खास कागदावर सरळ लिहून तो मजकूर दगडावर उतरवण्याचीही सोय असे. दगडावर तो उलटा उमटे आणि छापताना पुन्हा सरळ होई. दोनदा उलटले की मूळ रूप परत येते. केकवरचे चित्र एकदाच उलटते, म्हणून दुसरे उलटणे आपल्याला आधीच करून ठेवावे लागते.

उलटण्याचा दुसरा परिणाम क्रमावर होतो. कॅनव्हासवर चित्रकार आधी पार्श्वभूमी रंगवतो आणि डोळ्यांतली चमक शेवटी टिपतो. येथे जे पहिल्यांदा काढले ते सर्वांत वर येणार आणि शेवटचा थर केकला टेकणार. म्हणून डोळ्याची चमक आधी, बुबुळ नंतर, चेहरा त्यानंतर आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेल्या जुन्या काचचित्रांचे तंत्र हेच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी काचचित्रे आहेत. ती पाहताना चित्रकाराने दागिन्यांचे ठिपके चेहऱ्याच्याही आधी दिले असतील, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

कडकपणा कोणाचा?

आता सरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. कोणता बर्फ?

गोठवलेले चित्र पाटीसारखे ताठ असते, वाकवले तर मोडते. साहजिकच आपल्याला वाटते, की त्यातले पाणी गोठले. पण हिशेब करून पाहू. बटरमध्ये किमान ८० टक्के दुधाचे स्निग्ध पदार्थ आणि जास्तीत जास्त १६ टक्के पाणी असते. म्हणजे १०० ग्रॅम बटरमधले १६ ग्रॅम आणि एक टेबलचमचा दुधातले सुमारे १३ ग्रॅम धरून पाणी झाले २९ ग्रॅम. त्याच्या जोडीला साखर आहे २०० ग्रॅम. २० अंश सेल्सियसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. तेव्हा २९ ग्रॅम पाण्यात सुमारे ५८ ग्रॅम साखर विरघळेल आणि उरलेली १४० ग्रॅमच्या वर साखर बारीक कणांच्या रूपात तशीच राहील. थोडक्यात, बटरक्रीममध्ये सुटे पाणी नसतेच. जे असते तो साखरेचा संपृक्त पाक, आणि तोही लोण्यात विखुरलेल्या सूक्ष्म थेंबांच्या रूपात.

या पाकाचा गोठणबिंदू किती? बारावीचे विद्यार्थी हे गणित करू शकतील. ५८ ग्रॅम साखर म्हणजे ५८ ÷ ३४२ = ०.१७ मोल. ती २९ ग्रॅम पाण्यात आहे, म्हणजे एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ५.८५ मोल. पाण्याचा स्थिरांक १.८६ धरला, तर गोठणबिंदू सुमारे ११ अंशांनी खाली जातो. हे सूत्र विरल द्रावणांसाठी आहे. इतक्या घट्ट पाकात ते कमी पडते. प्रत्यक्षात अशा पाकातून बर्फ वेगळा होऊ लागायला तापमान शून्याखाली सुमारे १४ अंशांपर्यंत उतरावे लागते. घरच्या फ्रीजरचे तापमान साधारण उणे १८ असते, म्हणजे सीमेच्या जरासेच पलीकडे. शिवाय इतक्या थंडीत पाक एवढा दाट होतो, की त्यात बर्फाचे स्फटिक वाढायला फार वेळ लागतो.

याहून सोपा पुरावाही आहे. फ्रीजच्या खालच्या कप्प्यातले बटर आठवा. तेथे तापमान शून्याच्या वर चार-पाच अंश असते. बर्फ होण्याचा प्रश्नच नाही. तरीही बटर इतके घट्ट असते, की पोळीला लावता येत नाही. कडकपणा पाण्याचा नाही, स्निग्ध पदार्थांचा आहे.

दुधातली स्निग्धता म्हणजे अनेक प्रकारच्या ट्रायग्लिसराइडांचे मिश्रण. शुद्ध पदार्थाला एकच वितळणबिंदू असतो, मिश्रणाला तो नसतो. दुधाच्या स्निग्धतेचे काही घटक शून्याखालीही द्रवरूप राहतात, तर शेवटचे घटक वितळायला जवळजवळ शरीराचे तापमान लागते. त्यामुळे ५ अंशांना तिचा सुमारे निम्मा भाग स्फटिकरूप असतो, २० अंशांना साधारण पाचवा-सहावा आणि ३० अंशांना विसाव्या भागाच्या आसपास. हे स्फटिक एकमेकांत गुंतून जाळे तयार करतात आणि द्रव भाग त्या जाळ्यात अडकून राहतो. जाळे दाट असले की पदार्थ ताठ, विरळ झाले की मऊ. आमच्या अनुभवात २२-२३ अंशांच्या पुढे बटरक्रीमच्या रेषा आपला आकार धरेनाशा होतात.

कागद का सुटतो?

आमचा दुसरा प्रयत्न फसला तो घाईने. चित्र वीसच मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवले आणि कागद ओढला. निम्मे भिंग कागदाबरोबर निघून आले.

येथे दोन बलांची स्पर्धा असते. एक बल क्रीमला कागदाशी धरून ठेवते, त्याला आसंजन म्हणतात. दुसरे क्रीमला क्रीमशी धरून ठेवते, ते संसंजन. कागद ओढला की जोड जेथे सर्वांत दुबळा तेथे फाटतो. क्रीम मऊ असताना दुबळी जागा क्रीमच्या पोटातच असते. म्हणून काही क्रीम कागदावर, काही केकवर अशी विभागणी होते. क्रीम कडक झाले, की स्फटिकांच्या जाळ्यामुळे संसंजन पुष्कळ वाढते. आता दुबळी जागा उरते ती कागद आणि क्रीम यांच्या सीमेवर, आणि कागद स्वच्छ सुटतो. शिवाय कागद सरळ वर न ओढता मागे दुमडून सोलला, तर सारे बल एका रेषेवर एकवटते आणि फार कमी जोर पुरतो. जखमेवरची चिकटपट्टी आपण अशीच काढतो.

म्हणून चित्र आतपर्यंत गार व्हायला हवे. आम्ही पुढे ते रात्रभर ठेवू लागलो. एकदा बाहेर काढल्यावर मात्र हातात चार-पाच मिनिटेच असतात. चित्र पातळ आहे, त्याचे वस्तुमान कमी आणि पृष्ठभाग मोठा, त्यामुळे ते लवकर तापते.

पाणी कुठून आले?

तिसऱ्या प्रयत्नात चित्र पुण्यात सुरेख उतरले आणि मुंबईत बिघडले. कृती तीच, क्रीम तेच, हातही तेच. बदलली ती हवा.

आमच्या सरावाच्या दिवसांत पुण्यात दुपारी तापमान ३६ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास होती. अशा हवेचा दवबिंदू सुमारे १३ अंश येतो. मुंबईत जूनमध्ये ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता ही रोजची गोष्ट. त्या हवेचा दवबिंदू येतो २७ अंश! ज्या पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूच्या खाली असेल, त्यावर हवेतली वाफ पाणी होऊन बसणारच. पुण्यात तापमान जास्त असूनही एक घनमीटर हवेत जेमतेम १० ग्रॅम वाफ होती, मुंबईत २५ ग्रॅम. पुण्यातही चित्रावर दव धरले असणार, पण चित्र १३ अंशांच्या वर गेले की दव धरणे थांबते आणि कोरड्या हवेत ते उडून जाऊ लागते. मुंबईत चित्र २७ अंशांच्या वर जाईपर्यंत त्यावर पाणी जमतच राहिले.

हे पाणी किती असेल? २० सेंटिमीटर व्यासाच्या चित्रासाठी आम्ही ढोबळ हिशेब केला. पाव तासात एक ते दोन ग्रॅम. दोन ग्रॅम पाणी त्या वर्तुळावर पसरले तर थर होतो एक मिलिमीटरच्या सोळाव्या भागाइतका. एवढ्याने काय होणार, असे वाटेल. पण तेथे साखर वाटच पाहत असते. दोन ग्रॅम पाणी चार ग्रॅम साखर विरघळवून सहा ग्रॅम पाक करू शकते. नेहमीचे खाण्याचे रंग पाण्यात विरघळणारे असतात, लोण्यात नव्हे. ते या पाकात उतरतात आणि उताराकडे निघतात. पांढऱ्याशेजारी लाल आणि काळा असला, की ओघळ लगेच दिसतात.

आणखी एक गोष्ट हिशेबात आढळली, तिने आम्हालाच चकित केले. वाफेचे पाणी होताना सुप्त उष्मा बाहेर पडतो, एका ग्रॅममागे जवळजवळ अडीच हजार ज्यूल. दोन ग्रॅममागे झाले पाच हजार. चित्राचे वस्तुमान सुमारे १५० ग्रॅम आणि विशिष्ट उष्मा सुमारे १.६ ज्यूल धरला, तर ते उणे १८ पासून ५ अंशांपर्यंत तापायला लागतात साडेपाच हजार ज्यूल. म्हणजे दव चित्राला नुसते भिजवत नाही, ते त्याला ऊबही देते. दमट हवेत गार वस्तू लवकर तापते त्यामागे हेही एक कारण आहे.

तेव्हा पाणी केकच्या आतून आले नव्हते. ते सभागृहातल्या हवेतून आले होते, काही अंशी तर कौतुक करायला जमलेल्या माणसांच्या श्वासातूनही.

उघडी आणि बंद खिडकी

आता सगळे दुवे जोडून पाहू. चित्राला दोन मर्यादा आहेत. दवबिंदूच्या खाली ते भिजते. साधारण २२-२३ अंशांच्या वर ते मऊ पडते. या दोहोंच्या मधली जी जागा, तेवढीच त्याला सुरक्षित. पुण्याच्या एप्रिलमध्ये ही खिडकी १३ ते २२ अंश एवढी उघडी होती. मुंबईच्या जूनमध्ये खालची मर्यादा २७ आणि वरची २२. खिडकी बंदच! डबा लवकर उघडला असता तरी चित्र बिघडले असते आणि उशिरा उघडला असता तरी.

खिडकी उघडण्याचे दोन मार्ग आहेत. एक, दवबिंदू खाली आणणे. वातानुकूलित खोलीत २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू येतो सुमारे १३, म्हणजे पुण्याच्या उन्हाळ्याइतकाच. ही रीत अमेरिकेतल्या वातानुकूलित घरांत सहज रुळली यात नवल नाही. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यातली हिवाळ्याची कोरडी हवाही तेच काम फुकट करते.

दुसरा मार्ग म्हणजे वरची मर्यादा आणखी वर नेणे. त्यासाठी जास्त तापमानाला वितळणारा स्निग्ध पदार्थ हवा. अमेरिकेत १९११ साली सरकीच्या तेलाचे हायड्रोजनीकरण करून केलेले 'क्रिस्को' बाजारात आले. आपल्याकडे १९३७ साली आलेला 'डालडा' हा त्याच कुळातला. बटरमध्ये असा पदार्थ निम्मा मिसळला, की क्रीम उन्हाळ्यातही उभे राहते. म्हणून अनेक अमेरिकन पाककृतींत तो असे. पण अर्धवट हायड्रोजनीकरणात ट्रान्स स्निग्धाम्ले तयार होतात आणि ती हृदयविकाराचा धोका वाढवतात, हे पुढे स्पष्ट झाले. अमेरिकेत २०१५ साली अशा तेलांना सुरक्षित मानणे बंद करण्यात आले आणि २०१८ पासून ती अन्नातून हटू लागली. भारतात जानेवारी २०२२ पासून तेले व स्निग्ध पदार्थांत कारखानी ट्रान्स स्निग्धाम्लांची मर्यादा २ टक्के करण्यात आली. आज मिळणारे घट्ट स्निग्ध पदार्थ मुख्यतः पाम तेलाच्या घट्ट भागापासून केलेले असतात. त्यांचा वितळणबिंदू हवा तसा असला, तरी त्यांत संपृक्त स्निग्धाम्ले पुष्कळ असतात आणि शरीराच्या तापमानालाही न वितळणारा भाग टाळूला मेणचट लागतो. केक शेवटी खायचा असतो. आम्ही बटरवरच राहिलो आणि हवेचा मार्ग धरला.

बाटलीचे बूच

या प्रकरणात आम्हाला सर्वांत लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या प्रयोगशाळेत एक नियम आहे. उणे २० अंशांच्या कपाटातून काढलेली रसायनाची बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. उघडली तर आत दव धरते आणि रसायन खराब होते. नव्या विद्यार्थ्याने हा नियम मोडला, तर आम्ही त्याला बोलणी ऐकवतो. गेली वीस वर्षे हे आम्ही रोज पाळत आलो. पण तेच दव, तेच थंड भांडे, तोच बंद डबा स्वयंपाकघरातून सभागृहात गेला आणि आमचे ज्ञान प्रयोगशाळेच्या दाराशीच राहिले. नियम आम्हाला ठाऊक होता, पण त्याचे कारण आमच्या डोळ्यांसमोर नव्हते. विद्यार्थी परीक्षेत दवबिंदूची व्याख्या अचूक लिहितो आणि पाण्याची गार बाटली बाहेरून ओली झाली की "गळते आहे" म्हणतो, तेव्हा आपण हसतो. त्याची आणि आमची चूक एकच आहे.

या वर्षी जानेवारीत आम्ही सरांच्या घरी पुन्हा केक घेऊन गेलो. दुपारी खोलीत २८ अंश आणि ५० टक्के आर्द्रता होती. म्हणजे दवबिंदू सुमारे १७. खिडकी अरुंद, पण उघडी. डब्यात आधीच एक तापमापक ठेवला होता. झाकण बंद ठेवून आम्ही गप्पा मारत बसलो आणि पारा १९ वर आल्यावर डबा उघडला. चित्र कोरडे होते. सरांनी केककडे एकदा पाहिले, मग झाकण हातात घेतले. ते बाहेरून ओले होते.

"आणि आता पाणी कुठून आले?" सरांनी विचारले. या वेळी उत्तर द्यायला आम्हाला वेळ लागला नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. तीन वाट्या घ्या. एकीत पाणी, दुसरीत १०० ग्रॅम पाण्यात २०० ग्रॅम साखर गरम करून विरघळवलेला आणि निवलेला पाक, तिसरीत बटर. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी तिन्हींत चमचा खुपसून पाहा. कोणती वाटी कशामुळे कडक झाली, हे विद्यार्थ्यांनी सांगावे.

२. बटरक्रीमच्या दोन सारख्या चकत्या सारख्याच झाकणाच्या डब्यांत गोठवा. एका डब्याचे झाकण बाहेर काढताच उघडा, दुसऱ्याचे तासाभराने. दोन्ही चकत्या आधी आणि नंतर ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या तराजूवर तोला. कोणाचे वजन वाढले?

३. चकचकीत पेल्यात पाणी घेऊन थोडा थोडा बर्फ घाला, ढवळत राहा आणि पेला बाहेरून धुरकट होताच तापमान नोंदवा. हा तुमच्या वर्गाचा त्या दिवशीचा दवबिंदू. महिन्यातून एकदा वर्षभर नोंद ठेवा. तुमच्या गावात बटरक्रीमच्या चित्राची खिडकी कोणत्या महिन्यांत उघडी असते, हे त्या तक्त्यावरून विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या.